हिमावरची सहल : लासलगांवाहून गुलमर्गकडे

‘थंड हवेचें ठिकाण’ हे शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें वैशाखांतील ऊन आणि महाबळेश्वर किंवा माथेरान येतें. उन्हाळ्यांत गारव्याकडे जावें, हा आपल्याकडील सहलीचा जुना शिरस्ता. परंतु ऐन पौष-माघांत आणखी थंडीकडे जावयाचें, आणि तेथें पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरावयाचें, ही कल्पना आमच्या लासलगांवासारख्या गांवीं प्रथम थट्टेवारी जाते. त्यास कारणहि आहे. निफाड तालुक्यांत थंडी ही मौजेची वस्तु नाहीं. पारा चार-पांच अंशांपर्यंत उतरला कीं द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात व बागाईतदार रात्र जागून काढतात. अशा थंडीच्या माहेरीं पैसे खर्चून जाणें वडील मंडळींस अजब वाटलें, तर नवल नाहीं.

मौज अशी कीं, ही थंडी आणि तें हिम एकाच घराण्यांतलीं आहेत. हिवाळ्यांत भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात काश्मीरच्या डोंगरांवर हिम टाकतात. ते पुढें सरकले म्हणजे उत्तरेचे कोरडे गार वारे खालीं वाहूं लागतात आणि निफाडचा पारा उतरतो. ज्या बातमीनें गुलमर्गचे हॉटेलवाले हरखतात, तिनेंच आपल्याकडील बागाईतदार सावध होतो.

गुलमर्ग म्हणजे फुलांचें कुरण. श्रीनगरपासून सुमारें ५० किलोमीटरवर, पीरपंजाल रांगेच्या कुशींत तें वसलेलें आहे. ब्रिटिश अमदानींत, १९२७ सालीं, येथें स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. पुढें केंद्र सरकारच्या पर्यटन खात्यानें स्कीइंग व गिर्यारोहण शिकविणारी संस्थाहि येथें काढली. हा डोंगर तीन मजल्यांचा समजावा. पहिला मजला खुद्द गुलमर्गचें कुरण, सुमारें २,६५० मीटर उंच. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनहि हजार मीटर वर. तेथून निघणारा गंडोला नांवाचा आकाशपाळणा १९९८ सालीं कोंगडोरीपर्यंत सुरू झाला. तो दुसरा मजला, सुमारें तीन हजार मीटरांच्या थोडा वर. २००५ सालीं पाळणा आणखी वर, अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंत गेला. तो तिसरा मजला, जवळजवळ ३,९५० मीटरांवर. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या दोनतृतीयांशाहूनहि कमी असतो.

एकत्र कुटुंबाची सहल या मजल्यांप्रमाणेंच आंखावी. माझ्या मतें अशा सहलीची आंखणी म्हणजे कोठें जावयाचें हें ठरविणें नव्हे, तर कोणीं कोठें थांबावयाचें हें घरूनच ठरवून निघणें होय. ज्यांस हृदयविकार, रक्तदाब किंवा दमा आहे, त्यांनीं आधीं वैद्यकीय सल्ला घ्यावा व पहिल्याच मजल्यावर समाधान मानावें. तेथेंहि देवदारांवर झुकलेलें हिम दिसतें, लांकडी घसरगाडीवर बसतां येतें. धडधाकट मंडळींनीं व मोठ्या मुलांनीं कोंगडोरीपर्यंत जावें. तिसरा मजला फक्त ज्यांस दोन दिवस त्या उंचीची संवय झाली त्यांच्यासाठीं. पाळण्याजवळ रांगेंत उभें राहून “आतां आलोंच आहोंत, तर वर जाऊं या” असा आग्रह धरणें धोक्याचें आहे. आणि एक गोष्ट अशी कीं, खालीं वडीलधाऱ्यांजवळ बसण्याचें काम दर वेळीं त्याच सुनेकडे जाऊं नये. तिनेंहि हिम पाहण्यासाठींच प्रवास केलेला असतो. पाळी घरींच ठरवावी, आणि तींत पुरुषांचीं नांवें असावींत.

वेळेचा प्रश्न आमच्या गांवास अधिक अवघड आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस काश्मिरांत चिल्लई कलान, म्हणजे कडक थंडीचा काळ असतो. चांगलें हिम सामान्यतः जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर मिळतें. नेमक्या याच दिवसांत लासलगांवच्या बाजारसमितींत रांगडा कांदा येत असतो. १९४७ सालापासूनच्या या बाजारावर ज्यांचा संसार अवलंबून आहे, त्यांस लिलाव सोडून आठवडाभर जाणें सोपें नसतें. शिवाय दहावी-बारावीच्या परीक्षा पुढें उभ्या. म्हणून संक्रांत आटोपल्यावर निघावें. ज्या घरीं परीक्षेचें मूल आहे, त्या घरानें तें वर्ष सोडून द्यावें.

एवढें करूनहि हिम आपल्या सोईनें पडत नाहीं. २०२४ च्या जानेवारींत महिन्याच्या अखेरीपर्यंत गुलमर्गचें कुरण तपकिरी होतें. २०२५ च्या फेब्रुवारींत तर राष्ट्रीय हिवाळी क्रीडास्पर्धा हिमाअभावीं पुढें ढकलून मार्चमध्यें घ्याव्या लागल्या. उलट हिम फार झालें, तर विमानें रद्द होतात, रस्ते बंद पडतात. यास्तव परतीच्या बाजूस दोन दिवस मोकळे ठेवावेत.

मार्ग दोन आहेत. विमानानें मुंबईहून श्रीनगर. किंवा मनमाडाहून झेलम एक्स्प्रेसनें जम्मूच्या बाजूस, आणि तेथून कटऱ्यास जाऊन पुढें श्रीनगरची रेल्वे. ६ जून २०२५ रोजीं खुल्या झालेल्या या लोहमार्गावर चिनाब नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीचा पूल आहे; तो पाहण्यासाठींहि आगगाडीनें जावें. टंगमर्गपासून वरच्या घाटांत हिम असल्यास मोटारीच्या चाकांस सांखळ्या बांधाव्या लागतात. जाड बूट व लांब कोट भाड्यानें मिळतात. मात्र लोकरीचे पायमोजे, हातमोजे व आंतले कपडे घरचेच असावेत. मेतकूट आणि तुपाची बरणी बरोबर असली, म्हणजे तेथील गरम भातानें लहानांमोठ्यांचें जेवण होतें.

स्कीइंग शिकणाऱ्यानें निदान चार दिवस द्यावेत व जाणता शिक्षक करावा. पहिला धडा पडण्याचा असतो : पाठीवर न पडतां कुशीवर पडावें. दुसरा थांबण्याचा : फळ्यांचीं पुढचीं टोकें जवळ व मागचीं दूर केलीं कीं आंतल्या कडा हिमांत रुततात आणि वेग मरतो. वेग घेणें हा त्यानंतरचा धडा. आंखलेल्या उतारांबाहेर नवशिक्यानें पाऊल टाकूं नये. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं अफरवतच्या बाजूस हिमकडा कोसळून दोघे पोलिश स्कीपटू मरण पावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजीं एक रशियन. ताज्या हिमाचा जाड थर जुन्या थरावरून घसरतो, तेव्हां कौशल्यहि कामास येत नाहीं.

आणखी एक प्रश्न वडील मंडळी विचारतीलच. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगामजवळ २६ निरपराध माणसांची हत्या झाली, त्यांत सहा जण महाराष्ट्राचे होते. त्या प्रश्नास हंसून उत्तर देऊं नये. निघण्यापूर्वीं सरकारी सूचना पाहाव्यात. आणि घरांतील एखाद्याचें मन तयार नसेल, तर त्यास भित्रा न म्हणतां गढवालांतील औलीचा विचार करावा. तेथेंहि स्कीचे उतार आहेत. मात्र जोशीमठाहून औलीस जाणारा आकाशपाळणा २०२३ च्या जानेवारींत जमीन खचूं लागल्यावर बंद झाला, तेव्हां रस्त्यानें जाण्याची तयारी ठेवावी.

इतका विचार करून निघालेल्या कुटुंबास डोंगरानें थोडें कमी दाखविलें, तरी विरस होत नाहीं. पाळणा बंद राहिला, तर खालचें कुरण आहे. कुरणांत हिम नसलें, तर कोंगडोरीस बहुधा मिळतें. आणि संध्याकाळीं, तिन्ही मजल्यांवरचीं माणसें एका खोलींत परत जमून कहव्याचे पेले हातीं घेतात, तेव्हां कोण किती वर गेलें याला फारसें महत्त्व उरत नाहीं. सर्व मंडळी सुखरूप खालीं आली, हेंच महत्त्वाचें.