सतरावे वर्ष

2024 च्या जुलै महिन्यात एका रात्री झाशीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा दोन वर्षे आमच्याकडे राहून लखनौच्या शाळेत शिकत होता. इंटरची परीक्षा (बारावीला इकडे अद्यापि इंटरच म्हणतात) बऱ्यापैकी गुणांनी पार पडली होती. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत मात्र त्याचा क्रमांक फार खाली गेला होता. आणि राज्याच्या पॉलिटेक्निक प्रवेशपरीक्षेच्या आधारे औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेची एक जागा त्याला मिळत होती. ती आठवडाभरात घ्यावयाची किंवा सोडावयाची होती. "दादा, तो तुझ्या डोळ्यांसमोर आहे. आम्हांला यातले काय कळते? तूच ठरव," असे म्हणून बहिणीने फोन ठेवला.

अलीगंजच्या केंद्रीय भवनात बसून दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जांवर टिपणी लिहिणारा मी माणूस. तेथे एक मोठी सोय असते. प्रश्न अवघड वाटला की 'आदेशार्थ सादर' एवढे लिहून फाईल वरच्या टेबलावर सरकवता येते. या फाईलला वरचे टेबल नव्हते.

त्यातून या विषयात मी तटस्थ नव्हतो. 2008 साली मीही सतरा वर्षांचा होतो आणि मलाही फार्मसीची एक जागा मिळत होती, तीही पदवीची. वडिलांना ती घ्यावी असे वाटे. मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, "मला पुड्या बांधावयाच्या नाहीत." त्या काळच्या सीपीएमटीला मी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा बाहेर राहिलो. नंतर बी.एस्सी. झालो, कर्मचारी निवड परीक्षा दिली आणि कारकून झालो. नोकरीबद्दल माझी तक्रार नाही. तिने माझे घर चालवले आहे. सलते ते निराळेच. ज्या कामाला मी पुड्या बांधणे म्हणून हिणवले, ते काम काय असते हे मला ठाऊकच नव्हते. ते कळावयास आणखी चौदा वर्षे जावी लागली.

2022 साली माझ्या आईचा संधिवात बळावला. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट नावाच्या गोळ्या लिहून दिल्या. सरकारी आरोग्य योजनेच्या आमच्या दवाखान्यात त्या वेळी त्या शिल्लक नव्हत्या, म्हणून एका दुकानातून मी त्या विकत आणल्या. चिठ्ठीवरचे अक्षर मला लागेना. गल्ल्यावरच्या मुलाला विचारले, तेव्हा त्याने पाकिटावर पेनने एक रेघ ओढली आणि म्हणाला, "रोज एक." मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असेल. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर काचेच्या चौकटीत एका प्रौढ गृहस्थाचे नोंदणीपत्र छायाचित्रासह टांगलेले होते. ते गृहस्थ दुकानात नव्हते. पुढेही मी त्यांना तेथे कधी पाहिले नाही.

पाचव्या दिवशी आईला घास गिळवेना. तोंडात फोड आले होते. उन्हाळा बाधला असेल असे आम्ही समजलो. योगायोगाने त्याच दिवशी फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घेण्यासाठी मी सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीमागच्या फार्मासिस्टने चिठ्ठी वाचली आणि गोळ्या देण्याआधी मला एकच प्रश्न विचारला, "माताजी ही दुसरी गोळी कशी घेतात?" मी म्हणालो, "रोज एक." त्यांचा हात थांबला. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकाच ठरावीक दिवशी घ्यावयाची असते. रोज घेतली तर ती रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवरच घाला घालते. तोंडातले फोड ही त्याची पहिली खूण. त्यांनी मला तेथल्या तेथे डॉक्टरांकडे पाठवले. आई आठ दिवस रुग्णालयात होती. ती वाचली. सतराव्या वर्षी ज्या कामाला मी नाक मुरडले होते, त्या कामाने एका प्रश्नाने माझी आई मला परत दिली.

म्हणूनच बहिणीचा फोन आला तेव्हा एकदम 'हो' म्हणावे असे माझ्या मनात आले. पण त्याच वेळी गल्ल्यावरचा तो मुलगाही डोळ्यांपुढे उभा राहिला. तोही या व्यवसायात लवकरच शिरला होता. मग लवकर शिरणे चांगले की वाईट?

जुन्या लखनौत हा प्रश्न कोणाला पडला नसता. झवाई टोल्यातले हकीम नुस्खा लिहीत आणि अत्तार तो बांधून देई. अशा दुकानात मूल दहा-बारा वर्षांचेच बसे. आधी झाडलोट करावयाची, मग खलबत्ता, मग मुळ्या ओळखणे आणि कित्येक वर्षांनी तराजू हाती. तराजू हाती येईतो मूल जाणते झालेले असे. प्रवेश लवकर, पण अधिकार उशिरा, अशी ती रीत होती. पुढे इंग्रजी औषधे आली आणि त्यांच्याबरोबर कंपाउंडर आला. त्याच्या शिक्षणाला सर्वत्र सारखा असा नियम नव्हता. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1931 साली या अव्यवस्थेवर बोट ठेवले. लखनौहून फार दूर नसलेल्या काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात 1932 साली महादेवलाल श्रॉफ यांनी औषधशास्त्राचे अध्यापन सुरू केले आणि 1937 साली तेथे पदवीचा अभ्यासक्रम उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर 1948 साली फार्मसीचा कायदा झाला. त्या कायद्यात एक लहानसे कलम आहे. ते मी कारकुनाच्या सवयीने दोनदा वाचले. फार्मासिस्ट म्हणून नोंद होण्यास वयाची अठरा वर्षे पुरी झालेली असावी लागतात. इतक्या लहान वयात एवढी जोखीम कायदा ज्याच्यावर टाकतो, त्याच्या शिक्षणाकडे आपण किती हलक्या नजरेने पाहतो!

आमच्या घरातही ती हलकी नजर दोन दिवसांतच प्रकट झाली. दूरचे एक आप्त भेटावयास आले. त्यांच्या ओळखीतल्या कोणाचे तरी औषधांचे दुकान होते. बातमी ऐकून ते खूष झाले. म्हणाले, "अवश्य घ्या! दोन वर्षांत कागद हाती येईल. तो दुकानात लावू. पोराला तेथे बसावे लागणार नाही, त्याने हवे ते शिकावे, नोकरी करावी. घरबसल्या महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतील." इकडे याला 'लाइसेंस किराये पर देना' म्हणतात आणि ते इतक्या सहजपणे म्हणतात, की घराची वरची खोलीच भाड्याने द्यावयाची असावी. माझ्या मेहुण्यांची नोकरी खाजगी आहे. त्यांच्या घरी ते पैसे खरोखरच उपयोगी पडले असते. बहिणीला हे कळताच तिच्या आवाजातही क्षणभर आशा डोकावली. मी तिला दोष देत नाही.

त्या आप्तांना चहा देऊन झाल्यावर भाच्याने मला हळूच विचारले, "मामा, मग त्या दुकानात मी कोठे असेन?"

मी म्हणालो, "भिंतीवर."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी त्याला घेऊन गोमतीकाठी गेलो. नवाबांच्या छत्तरमंझिलीसमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. याच वाड्यात 17 फेब्रुवारी 1951 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. आता ती जानकीपुरमच्या नव्या इमारतींत गेली आहे. जगभर ठाऊक झालेली 'सहेली' ही गर्भनिरोधक गोळी तिनेच शोधली. मुलाला हे सारे शाळेत सांगितले होते. मी त्याला शाळेत न सांगितलेली गोष्ट सांगितली. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले 14 रुग्ण दगावले. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंत अनेक हातांनी आपले काम केले नव्हते, असे उघड झाले. मी म्हणालो, "औषध शोधणारा एक असतो. पण ते रोग्याच्या तोंडात पडण्यापूर्वी वाटेत जितके हात असतात, त्यांतला प्रत्येक हात जागा असावा लागतो. शेवटचा हात तुझा असेल."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आणि एक वर्ष थांबून मी पुन्हा डॉक्टरकीची परीक्षा दिली तर?"

हा प्रश्न मी टाळू शकलो असतो. मी त्याला माझी तीन वर्षे सांगितली. वडिलांना दिलेले उत्तरही सांगितले. परंतु माझ्या पश्चात्तापाचे ओझे त्याच्या पाठीवर टाकण्याचा मला अधिकार नव्हता, म्हणून एवढेच म्हणालो, "थांबावयाचे असेल तर त्या कामाच्या ओढीने थांब; या कामाच्या लाजेने थांबू नकोस."

अमेरिकेतील काही फार्मसी महाविद्यालयांची पद्धत मी अलीकडे वाचली. शाळा सोडणाऱ्या मुलाला तेथे आगाऊ जागेचे आश्वासन देतात; मात्र प्रत्यक्ष व्यावसायिक अभ्यास सुरू होण्यापूर्वी त्याला साधारण दोन वर्षे रसायन, जीवशास्त्र, गणित शिकून ठरलेले गुण मिळवावे लागतात. म्हणजे वचन लवकर आणि प्रवेश उशिरा. अत्तारांची रीत तीहून निराळी, पण दोन्हींत मधली वर्षे पिकण्यासाठी राखलेली. आमच्याकडे प्रवेश लवकर आणि कागदही लवकर. मधली वर्षे पुष्कळदा कोणी मोजीतच नाही. ती मोजण्याची सोय नियमांत नाही असे नव्हे. दोन वर्षांच्या अभ्यासानंतर रुग्णालयात किंवा दुकानात पाचशे तासांचे प्रत्यक्ष शिक्षण आवश्यक आहे. 2022 च्या नियमांनी पदविकेनंतर एक स्वतंत्र निर्गमन परीक्षाही ठेवली आणि ती पहिल्यांदा 2024 साली झाली. पण पाचशे तास वहीत भरता येतात आणि अंगीही मुरवता येतात. यांतले काय करावयाचे, हे कोणतीही परिषद ठरवू शकत नाही.

भाच्याने जागा घेतली. निर्णय त्याचा होता. मी फक्त शुल्काच्या पावतीवर पालक म्हणून सही केली. बहिणीला मी एकच अट घातली की, त्याचा कागद ज्या भिंतीवर लागेल त्या भिंतीखाली तो स्वतः उभा असेल. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, पैशांचे पाहू काहीतरी." त्या चार शब्दांमागे तिने काय बाजूला ठेवले, हे मला ठाऊक आहे. आप्त पुन्हा आले नाहीत.

पहिल्या वर्षीच्या एका सुट्टीत आम्ही दोघे अमीनाबादच्या दवा बाजारात गेलो होतो. हातगाड्यांवर खोक्यांच्या राशी, हमालांच्या आरोळ्या आणि एका हाताने फोन कानाशी धरून दुसऱ्याने गठ्ठे मोजणारे घाऊक व्यापारी. मला ती गर्दी पाहून छाती दडपल्यासारखी झाली. तो मात्र वाटेतल्या प्रत्येक दुकानाच्या भिंतीकडे पाहत होता. आधी चौकटीतला चेहरा, मग गल्ल्यावरचा. काही ठिकाणी दोन्ही जुळत होते. तसे झाले की तो मला कोपराने हळूच खुणावी.

आईची गोळी अजून चालू आहे. तिचा दिवस सोमवार. पूर्वी ती लक्षात ठेवण्याचे काम माझे होते, आता रविवारी रात्रीच भाचा तिच्यापाशी जाऊन बसतो आणि, उत्तर ठाऊक असूनही, दर आठवड्याला तोच प्रश्न विचारतो, "आजी, ही गोळी तू कशी घेतेस?" आई वैतागते. "अरे, किती वेळा सांगू? सोमवारी, सोमवारी!" म्हणते. तो हसत नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला वार पुन्हा एकदा वाचतो आणि मगच उठतो.