शून्यावरची रेघ

पुण्यातल्या एप्रिलमध्ये टीएमएसची बाटली उघडायची म्हणजे माझ्या पोटात गोळा येतो. एनएमआरच्या नळीत शून्याची खूण म्हणून घालतात ते हे टेट्रामिथाइलसिलेन २६-२७ अंशांनाच उकळतं. फ्रीजमधून काढून झाकण सैल केलं की फुस्स होतं, आणि पिपेटमधला थेंब नळीच्या तोंडाशी पोचण्याआधीच आपणहून सुटतो. तीस वर्षं तो मी नेमका नळीत पाडला. या हिवाळ्यापासून उजवा हात कापतो.

थेंब जास्त झाला की बारा प्रोटॉनांची ती एकच रेघ डोईजड होते, मशीनचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायचं प्रमाण, खाली येतो आणि दोन मिलिग्रॅम सॅम्पलच्या रेघा खालच्या खरखरीत बुडतात. 

माझा जीव मात्र रेघेच्या बुंध्यात. शून्याच्या दोन्ही बाजूंना ३.३ हर्ट्झवर दोन चिमुकल्या रेघा असतात. त्या सिलिकॉन-२९ च्या, आणि निसर्गातल्या सिलिकॉनमध्ये तो जेमतेम ४.७ टक्के. शिम, म्हणजे चुंबकक्षेत्राची जुळणी, जरा ढळली की दोघी बुंध्यात गडप. झेड-वन, झेड-टू, पुन्हा झेड-वन असं शिम जुळवत मी रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसले आहे. ज्याचं सॅम्पल, त्याला त्या दोघींशी काही देणंघेणं नसायचं. तरी तेवढाच भाग मोठा करून मी त्याच्या हातात द्यायचे. कौतुक हवं असायचं, दुसरं काही नाही.

आता मशीन स्वतःच शिम करतं आणि मुलं क्लोरोफॉर्मची ७.२६ ची रेघ धरून मोकळी होतात. मला ते पटत नाही. तो ७.२६ सुद्धा टीएमएसपासूनच मोजलेला आहे ना! १९५१ मध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी अल्कोहोलच्या तीन रेघा सुट्या करून दाखवल्या, तेव्हा मोजायचं कुठून हेच ठरलेलं नव्हतं. टीएमएस सुचवलं टियर्सने, १९५८ मध्ये; त्याच्या मापात ते १० वर होतं, शून्यावर नंतर आलं.

गेल्या आठवड्यात माझ्या हातून तीन नळ्या वाया गेल्या. शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, मी करू?" तिने द्रवाला पिपेट लावलाच नाही. बाटलीतली वरची नुसती वाफ ओढली आणि नळीतल्या क्लोरोफॉर्ममध्ये हलकेच सोडली. दोन बुडबुडे आले, बस्स.

रेघ बेताची आली. सॅम्पलच्या सगळ्या रेघा वर. बुंधा मोठा करून पाहिला, दोघी जागेवर होत्या.

तिला शाबासकी द्यायला हवी होती. मी फक्त गेन किती आला ते विचारलं.