कौल, स्लॅब आणि पंखा
रत्नागिरी जिल्ह्यात वीज तयारही होते. चिपळूण तालुक्यातील पोफळीला कोयना प्रकल्पाची वीजनिर्मिती १९६२ मध्ये सुरू झाली. इथल्या घरांत वीज बरीचशी खर्च होते दमट उकाड्यापायी. जुन्या घरांच्या जांभ्याच्या जाड भिंती ऊन लवकर आत येऊ देत नाहीत, कौलांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते. स्लॅब मात्र दिवसभर तापतो, रात्री ती उष्णता खोलीत सोडतो आणि पंखा पहाटेपर्यंत फिरतो. जुन्या घरांचे हे शहाणपण स्लॅबच्या हौसेत मागे पडले, हे मोठे नुकसान. स्लॅबवर कौलांचे छप्पर घातले तर खोली कमी तापते, गळतीही आटोक्यात येते. पंखा बदलूनही वीज वाचते: साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा ३०. रोज १५ तासांच्या वापरात महिन्याला २० युनिट वाचतात.