संकेतस्थळाची किल्ली कोणाकडे?

६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा मुंबईच्या उपनगरांतील पेढ्यांवर तिची फारशी चर्चा झाली असेल असे वाटत नाही. चर्चा व्हावी असे वरकरणी काही नव्हतेही. वर्डप्रेस ही २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी सुरू केलेली, कोणालाही विनामूल्य वापरता येणारी प्रणाली. आज जगातील दर दहा संकेतस्थळांमागे चारांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर उभी आहेत. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील ज्या व्यापारी कुटुंबांनी दुकानाचे संकेतस्थळ करून घेतले, त्यांतील कित्येकांचे याच प्रणालीवर आहे. आणि ते याच प्रणालीवर आहे हे त्यांतील कित्येकांना ठाऊक नाही.

त्या आवृत्तीने मजकूर लिहिण्याची रीतच पालटली. पूर्वी पत्राच्या कागदासारखा एक सलग रकाना असे; आता प्रत्येक परिच्छेद, चित्र आणि मथळा हा स्वतंत्र ठोकळा झाला. पंधराव्या शतकातील जर्मन मुद्रक गुटेनबर्ग यांचे नाव त्या नव्या संपादकाला दिले गेले. प्रकाशनाची तारीख प्रथम १९ नोव्हेंबर ठरली, मग २७ नोव्हेंबर, आणि शेवटी ६ डिसेंबर, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील नाताळच्या खरेदीचा ऐन हंगाम. धनत्रयोदशीच्या सकाळी दुकानाचे शटर बदलायला काढावे, तसाच हा प्रकार. तिकडील अनेकांनी तो बोलूनही दाखवला. ज्यांना जुनी रीत हवी होती त्यांच्यासाठी ‘क्लासिक एडिटर’ नावाचे वेगळे प्लगइन ठेवण्यात आले आणि लाखो संकेतस्थळे आजही ते वापरतात. डोळ्यांना दिसणारा बदल माणूस आठवडाभर कुरकुरून अंगवळणी पाडून घेतो.

अडचण न दिसणाऱ्या बदलात असते. डोमेन म्हणजे दुकानाची पाटी, होस्टिंग म्हणजे भाड्याने घेतलेला गाळा, आणि वर्डप्रेस म्हणजे त्या गाळ्यातले फडताळ व गल्ला, असे मानले तर गाळ्याच्या भिंतीतून फिरलेली विजेची तार म्हणजे पीएचपी ही संगणकाची भाषा. ती तार गाळेमालक, म्हणजे होस्टिंग कंपनी, बदलते. पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला आयुष्याची मुदत असते, ७.४ या आवृत्तीची मुदत २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपली. त्यानंतर तिच्यातील दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी तिच्या कर्त्यांवर राहिली नाही. म्हणून होस्टिंग कंपन्या आपल्या ग्राहकांना ८ या मालिकेकडे नेऊ लागल्या. त्यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. जुनी तार जळाली तर आग एका गाळ्यापुरती राहत नाही. परंतु ८.० मधून काही जुनी फंक्शन्स कायमची काढून टाकली होती आणि दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या कित्येक थीम नेमक्या त्यांवरच विसंबून होत्या.

घाटकोपर पूर्वेच्या एका कुटुंबात हे २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर घडले. सासूबाईंनी घरच्या ओट्यावर सुरू केलेला खाखऱ्याचा उद्योग. पुढे मुखवास आणि मठिया आले, गाळा आला, आणि २०१५ साली शेजारच्या इमारतीतील एका हुशार मुलाने संकेतस्थळ करून दिले. पुणे, बंगळुरू येथे शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलांचे पालक त्यावरून दरमहा मागणी नोंदवत. मुलाने काम चोख केले होते. फक्त डोमेन, होस्टिंग आणि वर्डप्रेसचा व्यवस्थापक या तिन्ही ठिकाणी त्याने स्वतःचा ईमेल पत्ता दिला होता, कारण त्या वेळी घरात कोणाचा ईमेल नियमित उघडला जात नव्हता. पुढे तो कॅनडाला गेला आणि तो जुना पत्ता त्याने वापरणे सोडले.

होस्टिंग कंपनीने पीएचपी बदलण्याच्या सूचना पाठवल्या होत्या. त्या त्या पत्त्यावर गेल्या. एका सकाळी संकेतस्थळाच्या जागी पांढऱ्या पानावर गंभीर त्रुटीची एक इंग्रजी ओळ उमटली. मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये अशा वेळी एक चांगली सोय आहे: बिघडलेला भाग बाजूला ठेवून आत शिरता यावे म्हणून व्यवस्थापकाला एक दुवा ईमेलने येतो. तो दुवाही त्याच पत्त्यावर गेला. धाकट्या सूनबाईंनी होस्टिंग कंपनीला दूरध्वनी केला, तर तिकडून नम्रपणे विचारणा झाली, की खाते ज्यांच्या नावावर आहे ते बोलत आहेत का? ही विचारणा योग्यच होती. उद्या कोणीही परका फोन करून पेढीचे कपाट उघडायला सांगू लागला, तर ते उघडले जाऊ नये अशीच कुटुंबाचीही इच्छा असणार.

सासरे रात्री जेवणानंतर सगळे ऐकून घेत होते. गाळ्याची किल्ली गेली तीस वर्षे त्यांच्या कमरेला आहे; मुनीम विश्वासाचा असला तरी रोजमेळ ते स्वतः पाहतात. “पाटी आपल्या नावाची, आणि कागद त्या मुलाच्या नावावर?” त्यांनी विचारले. सूनबाई म्हणाल्या, “पप्पा, कागद नाहीच. फक्त त्याचा ईमेल आहे.” त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मुलाच्या आईकडून त्याचा नवा क्रमांक मिळाला. तिकडे सकाळ आणि इकडे रात्र, अशा वेळा जुळवत त्याने जुना ईमेल पुन्हा उघडला आणि होस्टिंगच्या नियंत्रण पानावरून पीएचपी तात्पुरती ७.४ वर परत नेली. खाखरे पुन्हा दिसू लागले. मधले चार दिवस गेले ते गेले; दिवाळीच्या भेटपेट्यांची मागणी त्याच दिवसांत येते.

याहून मोठी बाब नंतर लक्षात आली. बॅकअप होता, पण तो त्याच सर्व्हरवर ठेवलेला होता. म्हणजे कीर्द आणि कीर्दीची नक्कल एकाच तिजोरीत. आठ वर्षांचे ग्राहक, त्यांचे पत्ते, कोणाला तिखट चालत नाही आणि कोणाला तेलाचे बोट न लावलेला खाखरा लागतो याच्या नोंदी, हे सारे त्या एका ठिकाणी होते. माल पुन्हा करता येतो. या नोंदी पुन्हा करता आल्या नसत्या. आपल्याकडे दिवाळीला नवी वही घालताना जुन्या वहीची शिल्लक ओढून आणल्याशिवाय पहिली ओळ लिहिली जात नाही. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र ती शिल्लक कोठे आहे, हे विचारण्याचे अनेक पेढ्यांना सुचत नाही.

यावर एक उपाय लोक सर्रास करतात, तो म्हणजे काहीच अद्ययावत न करणे. चालते आहे ना, मग हात लावू नका. हा उपाय आजाराहून वाईट आहे. जुन्या आवृत्तीतील भोके जाहीर झालेली असतात आणि ती शोधत फिरणारे कार्यक्रम दुकान लहान की मोठे हे पाहत नाहीत. ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून वर्डप्रेसच्या छोट्या, सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या आपोआप बसतात. मोठी आवृत्ती मात्र डिसेंबर २०२० पूर्वी उभारलेल्या संकेतस्थळांवर साधारणपणे मालकाने बटण दाबल्याखेरीज बसत नाही. म्हणजे निर्णय मालकाचाच. फक्त मालकाकडे ते बटण असायला हवे.

त्या घरात ते आता आहे. डोमेन पेढीच्या नावावर झाले आणि सगळ्या सूचना पेढीच्या ईमेलवर येतात, जो सूनबाई आणि त्यांचे यजमान दोघेही उघडू शकतात. जुनी थीम काढून नवी बसवली, तीही आधी संकेतस्थळाची हुबेहूब प्रत करून तिच्यावर; पीएचपी ८ वर सर्व चालते याची खात्री झाल्यावरच खरे दुकान हलवले. दर रविवारी एक नक्कल घरच्या हार्ड डिस्कवर उतरते. लाभपंचमीला नव्या वहीत सासऱ्यांनी एक पान वेगळे राखायला सांगितले. त्यावर डोमेनची मुदत, होस्टिंगचे भाडे केव्हा भरायचे, पीएचपीची चालू आवृत्ती आणि शेवटची नक्कल कधी व कोठे ठेवली, एवढे लिहिले जाते. पासवर्ड त्यावर नाहीत. ते घरच्या कपाटातल्या बंद पाकिटात असतात.

जुलै २०२४ मध्ये वर्डप्रेस ६.६ आले. या आवृत्तीने पीएचपीची किमान अट ७.२.२४ पर्यंत वाढवली. सूनबाईंनी ते आधी प्रतीवर बसवून पाहिले, तेव्हा कुरियरचे दर काढणारे प्लगइन त्याच्याशी जुळेना. त्याच्या कर्त्याने दुरुस्ती पाठवेपर्यंत त्या अकरा दिवस थांबल्या. वहीच्या त्या पानावर तशी तारखेसह नोंद आहे, आणि शेजारी सासऱ्यांची आडवी सही.