चार बोटं जागा

जोगेश्वरी पूर्वेला सहाव्या शतकातली लेणी आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी कोणा शिवभक्तांनी अख्खा खडक कोरून एवढी मोठी जागा रिकामी करून ठेवली. त्यानंतर जोगेश्वरीत कोणी रिकामी जागा ठेवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्या घरात तर नाहीच. आमच्याकडे पलंगाखाली ट्रंका, ट्रंकांवर गाद्या आणि गाद्यांवर चिरंजीवांची इंजिनियरिंगची पुस्तकं आहेत. पलंगावर आम्ही, ते केवळ नाइलाज म्हणून.

अशा घरात चिरंजीवांनी खाऱ्या पाण्यातल्या माशांची तीन फुटी काचेची टाकी आणून बसवली आणि २०१९ साली स्वतः कॅनडाला निघून गेले. मागे राहिले नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊनफिश आणि आम्ही दोघं. दर रविवारी फोन येतो. पहिला प्रश्न, "बाबा, मासे कसे आहेत?" दुसरा, "आई कशी आहे?" तिसरा प्रश्न यायच्या आत तिकडे कोणाला तरी घाईची वेळ होते. त्यामुळे मासे जिवंत ठेवणं हे आमच्या दृष्टीनं पत्रव्यवहार चालू ठेवण्यासारखंच होतं.

माशांच्या बाबतीत माझं शिक्षण म्हणजे लहानपणी वडिलांनी दाखवलेलं तारापोरवाला मत्स्यालय. ते मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलं. काचेला नाक लावून मी तासभर मासे पाहिले होते, पण त्यांची घाण कुठं जाते हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो साठाव्या वर्षानंतर पडला. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचा नायट्रेट करतात, आणि मग तो नायट्रेट तसाच साचत राहतो. सरकारी फाइलीचं हेच होतं. टेबलं बदलतात, निकाल लागत नाही. आमच्या चाचणीच्या नळीतला रंग दर आठवड्याला अधिक लाल होऊ लागला. मासे कोपऱ्यात तोंड घालून बसले.

चिरंजीवांनी फोनवरून निदान केलं. "बाबा, सम्प करावा लागेल. आणि त्यात रेफ्युजियम."

"संप?" ही स्वयंपाकघरातून ओरडली. "आता माशांनीही संप केला?"

तिचा दोष नाही. ज्या घरांनी १९८२ चा गिरणी संप पाहिलाय, त्या घरांत हा शब्द जपूनच काढावा. मी समजावलं की हा सम्प वेगळा, म्हणजे मोठ्या टाकीच्या खाली ठेवायची दुसरी टाकी. वरून ओसंडलेलं पाणी नळीनं तिच्यात उतरतं. पहिल्या खणात पायमोज्यासारखी पिशवी गाळ धरते. दुसऱ्यात एक यंत्र बारीक बुडबुड्यांचा फेस करून त्याबरोबर घाण वर काढतं, गुऱ्हाळात रसावरची मळी काढतात तसं. तिसरा खण रेफ्युजियमचा. तिथं केटोमॉर्फा नावाचं शेवाळं वाढवायचं. दिसायला ते भांडी घासायच्या हिरव्या काथ्यासारखं, पण नायट्रेट आणि फॉस्फेट त्याचं अन्न. त्या गुंत्यात कोपेपॉड नावाचे रव्याएवढे जीव राहतात. वर राहिले तर मासे त्यांना खातात. इथं सुखानं संसार करतात. शेवटच्या खणातला पंप स्वच्छ पाणी वर धाडतो.

"म्हणजे खालच्यांचा संसार चालावा म्हणून माझ्या कांद्याबटाट्याचं कपाट गेलं," असा तिनं सारांश काढला.

पाण्याचंही विचारू नका. वर्सोव्याचा समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण त्यात अख्ख्या उपनगरांची गटारं मिळालेली. म्हणून मीठ विकत आणायचं, लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबानं, आणि ते स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्यात विरघळवायचं. उडून जातं ते पाणी, मीठ मागंच राहतं. म्हणून रोजची भर मात्र गोड्या पाण्याची. घरात पाहुणे नळाचं पिऊ लागले.

मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढून सोसायटीच्या प्लंबरला दाखवला. त्यानं तो दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, ही तर आपली बिल्डिंग आहे. खाली टाकी, वर टाकी, मध्ये पंप." मग त्यानं विचारलं, "पण पंप बंद पडला तर वरचं पाणी कुठं जाणार?"

"मुंबईत लाईट जात नाही," मी अभिमानानं म्हणालो.

पाणी जितकं जास्त तितकं माशांना चांगलं, म्हणून मी खणांच्या काचा उंच लावून घेतल्या आणि सम्प काठाला एक बोट उरेपर्यंत भरला. भाड्यानं द्यायच्या खोलीसारखा त्याचा इंच न् इंच वापरला.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची लाईट गेली. लोकल थांबल्या, घरी बसून चालणारी ऑफिसं थांबली, आमचा पंप थांबला. पाणी मात्र थांबलं नाही. पंपाची परतीची नळी वरच्या टाकीत पाण्याखाली सात सेंटिमीटर बुडालेली होती. शाळेत वक्रनलिकेचा प्रयोग करताना मी खिडकीबाहेर पाहत होतो, त्याचं उत्तर आता मिळालं. नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी उलटं खाली येत राहिलं. तीन फूट बाय दीड फुटाच्या टाकीत सात सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ २९ लिटर. सम्पमध्ये जागा चार लिटरची. उरलेलं दीड बादली पाणी आमच्या दिवाणखान्यातून शांतपणे खालच्या काकांच्या छतात गेलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी सोसायटीचा सेक्रेटरी. काकांच्या मोरीतून पहिल्या मजल्यावर गळती होते म्हणून, दोनच महिन्यांपूर्वी, मी त्यांना सात दिवसांच्या मुदतीची नोटीस दिली होती. एकट्या राहणाऱ्या माणसाला, टाळेबंदीत, प्लंबर कुठून मिळणार होता? पण नियम म्हणजे नियम. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

काका मास्क लावून दारात आले. हातात तीच नोटीस. त्यांचं नाव खोडून माझं घातलेलं.

"सेक्रेटरी, अक्षर छान आहे तुमचं," ते म्हणाले. "आणि पाणी खारट आहे."

"तुम्ही चाखलंत?"

"चाखलं. चार दिवस कणकण होती, भीती वाटत होती. खारट लागलं तेव्हा बरं वाटलं. चव गेलेली नाही."

यावर काय बोलावं मला सुचेना. हिनं त्यांना दाराजवळ खुर्ची दिली आणि चहा केला. त्यात साखर कमी असल्याचंही त्यांनी लगेच सांगितलं.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले; बंद पडलेल्या गोष्टी पुढे काय करतात याचा त्यांना अनुभव. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माझा नकाशा मागून घेतला. परतीच्या नळीचं तोंड त्यांनी पाण्याखाली दोनच सेंटिमीटर आणवलं, आणि पातळीच्या जरा खाली नळीला एक भोक पाडायला लावलं, म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. उलटं पाणी अडवणारी झडप मिळते. तिच्यावर विसंबायचं नाही, मीठ आणि शेवाळं तिला अडकवतात. खणांच्या काचा काढून बुटक्या लावल्या. आता परत येणार होतं आठ लिटर. हिशेबानं वर अडीच बोटं मोकळी हवी होती.

"चार ठेवा," काका म्हणाले.

"दीड बोट जास्तीचं कशाला?"

"हिशेब तुमचा आहे म्हणून."

मग आम्ही मुद्दाम पंप बंद करून तिघंही फरशीवर बसून पाहत राहिलो. पाणी चढलं, चढलं आणि थांबलं. फरशी कोरडी.

महिन्याभरात नळीतला लाल रंग फिका पडला आणि मासे कोपऱ्यातून बाहेर आले. तरी घरात आयुष्यात पहिल्यांदा मोकळी राहिलेली ती चार बोटं हिच्या डोळ्यांत खुपतातच. "अहो, नुसती जाळी टाकली तर लसूण राहील," असं ती अजून सुचवते.

रेफ्युजियमचा दिवा रात्री लावायचा असतो. वरचा दिवा मालवला की पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो. खालचं शेवाळं तो ओढून घेतं आणि पाण्याचा सामू फार उतरत नाही. काकांना रात्री झोप नसते. दहा वाजता ते वर येतात, पाटावर बसून कोपेपॉड पाहतात, आणि जाताना चार बोटं आडवी धरून पातळी मोजतात.

परवा मी गोडं पाणी घालताना फोन आला आणि माझा हात जरा सैल सुटला. रात्री काका काही बोलले नाहीत. सकाळी दाराच्या फटीत नोटीस होती. "आपल्या सम्पमध्ये तीनच बोटं जागा आढळली. सात दिवसांच्या आत दुरुस्ती करावी."

मी पोच म्हणून सही केली आणि मग घेऊन बसलो.