बोली लागण्याआधी

आयपीएलचा लिलाव सगळा देश बघतो. आम्ही रायगडमधले धाटावकर वाट बघतो ती प्रो कबड्डीच्या लिलावाची. रायगड हा कबड्डीचा जिल्हा आहे. भातकापणी आटोपली की रोहा, पेण, अलिबागच्या गावागावांत मैदानं आखली जातात आणि दिव्यांच्या झोतात रात्र रात्र सामने रंगतात. मी धाटावच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात पाळीवर काम करतो. तरुणपणी गावच्या संघातून डावा कोपरा खेळलो आहे. त्यामुळे कोणता संघ कोणाला उचलणार, या चर्चेत मी अगदी जीव ओततो.

संघांनी कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी आली की चर्चेला तोंड फुटतं. पहिली पाळी सुटली की टपरीवर गर्दी जमते. आमच्यातले काही यू मुंबाचे, काही पुणेरी पलटणचे. कोणीतरी काड्यापेटी उघडतो आणि फळीवर सात काड्या मांडतो. दोन टोकांना कोपरे, मधे कव्हर आणि बाकीचे. संघाने सोडलेल्या खेळाडूची काडी उचलायची आणि विचारायचं, "आता हितं कोण?" मग जो नाव सुचवेल त्याने त्याचं कारणही द्यायचं. नुसतं "तो भारी आहे" चालत नाही. शेजारच्या कव्हरशी त्याचं जमेल का, साखळीत तो हात सोडतो का, 'करो या मरो'च्या तिसऱ्या चढाईला घाई करतो का, हे सांगावं लागतं.

पैशांचा हिशेबही पाठ असतो. गेल्या काही लिलावांत प्रत्येक संघाच्या खिशात 5 कोटी रुपये. अ वर्गातल्या खेळाडूची मूळ किंमत 30 लाख, ब वर्गात 20, क वर्गात 13 आणि ड वर्गात 9 लाख. कायम ठेवलेल्यांचे पैसे याच 5 कोटींतून वजा होतात. शिवाय फायनल बिड मॅचचं कार्ड असतं. आपण सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने शेवटची बोली लावली, तर तेवढेच पैसे मोजून त्याला परत घेता येतं. कार्ड कोणासाठी राखायचं, यावर आमचा चहा हमखास गार होतो.

ऑक्टोबर 2023 च्या लिलावात पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूला 2 कोटी 35 लाखांना घेतलं, तेव्हा आमच्यातले एक जुने फिटर काका चिडलेच. "पकड करणाऱ्यावर जवळपास निम्मी तिजोरी? चढाई कोण करणार?" मी स्वतः कोपऱ्यात उभा राहिलेला असल्याने मला ते पटलं नाही. कोपरा पक्का असला की चढाईपटूला बोनससाठी पाय टाकायला धीर होत नाही आणि कव्हर मोकळेपणाने पुढे येतात. शिवाय चढाईला अस्लम इनामदार, मोहित गोयत होतेच. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. पुढच्या लिलावात शादलू 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला, आणि त्या डिसेंबरात बालेवाडीत करंडक हरियाणाने उचलला. त्यानंतर कोपऱ्याची काडी उचलताना सगळेच विचार करायला लागले.

मुंबाच्या लोकांचा सल वेगळा आहे. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये मुंबाला 36 लाख 40 हजारांत मिळाला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून जास्त गुण घेतले. मुंबा त्याला जाऊ देणार नाही, अशी आमच्याकडे सगळ्यांची खात्री होती. 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाखांना नेलं. दुःख झालं, पण अभिमानही वाटला. गावच्या मातीत घडलेल्या पोराला कोटीची बोली लागते, हे घराघरांतल्या आयांनीही ऐकलं.

माझा जीव मात्र लिलावाच्या शेवटच्या तासांत अडकतो. तेव्हा क आणि ड वर्गातली नावं पुकारली जातात, आणि आमच्या भागातल्या पोरांची नावं तिथेच असतात. 2025 चा लिलाव 31 मे आणि 1 जूनला मुंबईत झाला. यादीत जवळच्या एका गावातला एक पोरगा होता. घोट्याची पकड अशी, की हात लागला की समोरचा बसलाच. प्लांटमध्ये मोबाईल नेता येत नाही, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. पाळी बदलायला आलेल्या रिलिव्हरला मी पहिलं हेच विचारलं. तो म्हणाला, "दादा, नाव आलं, पण कोणी बोर्ड उचलला नाही." 9 लाखांत त्या घराचं छप्पर झालं असतं, बहिणीचं शिक्षण झालं असतं.

त्याच्यात काही कमी होतं म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. लीगमध्ये खेळलेल्या खेळाडूची प्रत्येक चढाई, प्रत्येक पकड आकड्यांत नोंदलेली असते. प्रशिक्षक संगणक उघडतो आणि त्याला सगळं दिसतं. आमच्या पोराने हिवाळाभर गावोगावी किती पकडी केल्या, त्यातल्या किती सुटल्या, हे कुठेच लिहिलेलं नाही. चषक मंडळाच्या कपाटात जातो आणि पंचांच्या टेबलावरचं गुणपत्रक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. ज्याची नोंद नाही, त्याच्यावर बोली लावायला मालक धजत नाही.

म्हणून टपरीवरच्या आमच्या मंडळींनी आता वही घातली आहे. सामन्याला गेलं की एकाने चढाया लिहायच्या, एकाने पकडी. पोराचं नाव, गाव, वजन, कोणत्या जागी खेळला, किती वेळा यशस्वी झाला. सोबत मोबाईलवर चित्रण. ज्या बारकाईने आम्ही कोट्यवधींच्या खेळाडूंची पारख करतो, ती शेजारच्या गावातल्या पोराच्या वाट्याला का येऊ नये? स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाला माझं एवढंच सांगणं आहे, की गुणपत्रक जपून ठेवा आणि त्याची एक प्रत खेळाडूच्या हातात द्या. त्याला कागदाचे दोन रुपये लागतात. मुंबईतल्या त्या सभागृहात त्याचं नाव पुकारलं जाईल तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला निदान तो कागद तरी असेल.