कादंबरीतून गाळलेली चौदा पाने

कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झाला तेव्हा आमची अशी समजूत होती की, आता उरले आहे ते किरकोळ काम. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे, दोन-चार लांबलेली वाक्ये तोडायची आणि बाड प्रकाशकाच्या हवाली करायचे. संपादन आणि मुद्रितशोधन यांत फरक करण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही. आम्हीही त्याला अपवाद नव्हतो. पुढे या किरकोळ कामाला मूळ लेखनाच्या दुप्पट काळ लागला. त्यात लेखनाच्या अडचणी होत्याच, पण खरी अडचण निराळी निघाली. हे टिपण तिच्याविषयी आहे.

कादंबरीचा परिसर पिंपरी-चिंचवड ते चाकण हा. लातूरकडून आलेला एक तरुण भोसरीत खोली घेऊन राहतो, कंत्राटी कामगार म्हणून एका कारखान्यातून दुसऱ्यात जात राहतो आणि शेवटी चाकणला पोहोचतो, एवढेच कथानक. काळ साधारण १९९८ ते २०१०.

पहिल्या फेरीत सापडल्या त्या वस्तुस्थितीच्या चुका. १९९९ सालातला आमचा एक कामगार 'टाटा मोटर्स' म्हणत होता. कंपनीचे ते नाव २००३ मधले. त्याआधी ती टेल्को, आणि जुन्या कामगारांच्या तोंडी त्यानंतरही टेल्कोच. ही चूक एका शब्दाने सुटली. दुसरी सुटेना. आमचे एक पात्र २००८ साली बजाजच्या आकुर्डी कारखान्यात पहिल्या पाळीला निघाले होते. तेथील उत्पादन २००७ मध्येच थांबले होते. साल बदलून भागले नाही. त्या माणसाला घरी बसवावे लागले, आणि तो घरी बसल्यावर बायकोने धरलेली कामे, मुलाचे अर्धवट राहिलेले शिक्षण, असे तीन अध्याय नव्याने लिहावे लागले. कादंबरीत एक वीट हलवली की भिंत सरकते, हे आम्ही वर्गात अनेकदा ऐकले होते. पटले तेव्हा.

दुसरी फेरी भाषेची. पहिल्या पन्नास पानांत नायक लातूरकडचे बोलत होता. पुढे पुढे तो आमच्यासारखा बोलू लागला होता. कारखान्यात चार जिल्ह्यांचे आणि चार राज्यांचे लोक एकत्र आले की बोली बदलते, हे खरे. परंतु ही ती बदललेली बोली नव्हती. ती आमची लेखणी होती. यावेळी 'सत्यकथे'ची आठवण होणे अपरिहार्य होते. लेखकाकडून पुनःपुन्हा लिहून घेण्याची जी शिस्त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी मराठीत रुजवली, ती अजोड होती. त्याच मासिकाचा अंक १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी जाळला. त्या रागामागे, या शिस्तीत कोणाची भाषा बसते आणि कोणाची बसत नाही, हाही प्रश्न होता. आम्हांला दोन्ही बाजू पटत, आणि एकेका संवादापाशी तासन् तास जात.

तिसऱ्या फेरीत गाठ पडली ती अकराव्या अध्यायाशी. त्यात नायकाची दोन बोटे पॉवर प्रेसखाली जातात. चौदा पाने. पत्र्याचा वास, तेलाने काळी पडलेली फरशी, प्रेसचा आवाज आणि त्या आवाजाची लय तुटते तो क्षण. ज्यांना ज्यांना खर्डा वाचायला दिला, त्यांनी या अध्यायाची स्तुती केली होती. आम्हांलाही तो कादंबरीचा कळस वाटे.

आमच्या इमारतीत एक गृहस्थ राहतात. एका लहान कारखान्यात अशीच त्यांची उजव्या हाताची दोन बोटे गेली. ज्या जुन्या प्रेसवर पत्रा हाताने आत सरकवायचा आणि पायाने पेडल दाबायचे, तेथे हातापायांची क्षणभराची चुकामूक पुरते. दोन बटणे दोन्ही हातांनी एकदम दाबल्याखेरीज जो प्रेस चालत नाही, त्यावर हात आत राहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. हा तपशील आम्ही त्यांच्याकडूनच घेतला होता. म्हणून अध्याय त्यांना वाचून दाखवला.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "चांगलं लिहिलंय, सर. पण आवाजाचं एवढं कुठून आणलंत? मला तर आवाज आठवतच नाही."

मग थोड्या वेळाने त्यांनी त्या दिवसाविषयी एक गोष्ट सांगितली. एकच वाक्य होते. आमच्या चौदा पानांत जे नव्हते, ते सारे त्यात होते. आमचा हात वहीकडे गेला, तेव्हा ते म्हणाले, "हे नका घालू. घरी कुणाला बोललेलो नाही."

ते वाक्य आम्ही येथेही लिहीत नाही.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. चौदा पाने आता आमची आम्हांलाच वाचवत नव्हती, आणि जे वाक्य त्यांची जागा घेऊ शकले असते ते आमचे नव्हते. तपशील बदलावा, दुसऱ्या पात्राच्या तोंडी घालावे, कादंबरीकार हेच तर करत आले आहेत, असे स्वतःला बजावून एका रात्री ते वाक्य वेष पालटून लिहिलेही. सकाळी जिन्यात ते भेटले. "काय सर, चहा झाला का?" त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले. आम्हांला वर पाहता आले नाही. घरी येऊन तो कागद फाडला.

भोसरीहून चाकणला जाताना मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडावी लागते; डाव्या हाताला देहू, उजव्या हाताला आळंदी. त्या पुलावर एकदा एकनाथांची आठवण झाली. शके १५०६ मध्ये, म्हणजे मूळ ग्रंथानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अजानवृक्षाच्या मुळीची कथा सर्वांना ठाऊक आहे. प्रत्यक्ष काम मात्र पोथ्या ताडून पाहण्याचे आणि मागाहून शिरलेले वेचून काढण्याचे होते. पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, असेही त्यांनी बजावून ठेवले. ज्यांनी अशा ओव्या घातल्या असतील त्यांनी त्या भक्तीनेच घातल्या असणार, आणि त्यांतल्या काही सुंदरही असतील, हे आम्हांला पूर्वी कधी सुचले नव्हते. आमची चौदा पाने म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्यात आम्ही घातलेल्या ओव्या होत्या.

आता अकरावा अध्याय दीड पानाचा आहे. नायक पाळीवर जातो. पुढच्या परिच्छेदात तो डाव्या हाताने शर्टाची बटणे लावायला शिकत असतो. मधले काही लिहिलेले नाही. अलीकडे एका प्राध्यापक मित्राने बाड वाचून त्या जागी समासात नोंद केली : 'येथे काहीतरी गळले आहे.' निरीक्षण अचूक आहे. दुरुस्ती मात्र आम्ही केलेली नाही.